जुनी वास्तू, नवं काम: सामुदायिक पर्यावरण केंद्र उभारणाऱ्यांसाठी

किल्ली हातात आली त्या दिवशी आम्ही नऊ जण होतो आणि नऊ वह्यांत नऊ नकाशे होते. एकाला छपरावर सौर पॅनल हवे होते, एकीला अवजारांचं वाचनालय, कुणाला मागच्या सपाट छतावर भाज्यांचे वाफे. दगड-चुन्याची, लाकडी तुळयांची ती दुमजली वखार मधोमध उभी होती आणि तिच्याकडे नीट बघितलं नव्हतं ते कुणीच. पुढची चार वर्षं आम्ही तेच करत होतो.

आज तिथे दुरुस्तीची बाकं आहेत, अवजारं उसनी मिळतात, बियाण्यांची देवघेव चालते, वीसेक जण रोज टेबलांवर काम करतात. तुमच्याही डोक्यात असं काही असेल आणि समोर एखादी जुनी शाळा, गिरणी, वखार, टपालघर रिकामं पडलं असेल, तर पुढचं वाचा. क्रम आमच्या कामाचा नाही. आमचा क्रम चुकला होता. हा क्रम दुसऱ्यांदा करायची वेळ आली तर मी धरेन तो.

१. सही करण्याआधी करार वाचा, आणि छप्पर कुणाचं ते विचारा

सगळ्यात कंटाळवाणी पायरी, पण सगळ्यात महाग पडणारी. इमारत तुमच्या मालकीची नसेल (बहुतेकदा नसतेच), तर भाडेकरारात तीन गोष्टी शोधा. मुदत किती, मुदत संपल्यावर तुम्ही केलेल्या कामाचं काय, आणि पाया, भिंती, छप्पर यांच्या दुरुस्तीची जबाबदारी कुणाची. आमच्या पहिल्या मसुद्यात पाच वर्षांची मुदत होती आणि ‘सर्व दुरुस्ती भाडेकरूकडे’ अशी एक ओळ होती. दिसायला साधी ओळ. तिचा अर्थ असा, की शंभर वर्षांचं दुखणं आम्ही पाच वर्षांच्या भाड्यात विकत घेत होतो. एका सभासदाच्या वकील आत्याने ती ओळ लाल पेनाने गोल केली म्हणून वाचलो.

दुरुस्तीत पैसे घालणार असाल तर दीर्घ मुदत मागा. अनुदान देणाऱ्या संस्थाही पहिला प्रश्न तोच विचारतात.

या टप्प्यावर जमवायची कागदपत्रं:

- मालकीचा पुरावा, जागेचा अधिकृत नकाशा, हद्दीच्या खुणा
- इमारत कुठल्या वारसा यादीत आहे का, असल्यास कुठल्या श्रेणीत, याचा लेखी दाखला
- जुने नकाशे, छायाचित्रं, दुरुस्तीची बिलं, जे मिळेल ते
- आजवरच्या वापराची नोंद आणि वापर बदलण्यासाठी लागणाऱ्या परवानगीचा अर्ज
- विम्याची पॉलिसी. रिकाम्या इमारतीला आणि काम चालू असलेल्या इमारतीला विम्याच्या अटी वेगळ्या असतात, दोन्ही विचारा

जुनी छायाचित्रं हौस म्हणून जमवू नका. आमच्या हाती एका लग्नाचा फोटो आला. वधूवरांच्या मागे आमच्या वखारीचं दार, आणि दारापुढे चार पायऱ्या. आज दोनच दिसतात. हा फोटो पुढे चौथ्या पायरीत कामाला येणार आहे.

२. एक अख्खा पावसाळा नुसतं बघा

हे सांगितलं की लोक नाराज होतात. उत्साह असतो, स्वयंसेवक असतात, पैसे देणाऱ्याला मार्चच्या आत फोटो हवे असतात. तरीही थांबा. जुनी इमारत कोरड्या दिवसांत आपली दुखणी लपवते.

सामान फार लागत नाही: वही, टॉर्च, खडू, ओळंबा, मोजपट्टी, व्हर्निअर कॅलिपर, एक लांब स्क्रू-ड्रायव्हर आणि लाकडातला ओलावा मोजायचं छोटं यंत्र.

मुसळधार पाऊस चालू असताना, तो थांबल्यावर नव्हे, टॉर्च घेऊन माळ्यावर जा. पाणी कुठून आत येतं आणि कुठे दिसतं या दोन जागा सहसा वेगळ्या असतात. आमच्याकडे डाग होता पूर्वेच्या कोपऱ्यात. गळत होतं तिथून चार मीटर वर, कौलांच्या मोडलेल्या वळचणीपाशी. पाणी वाशावरून घरंगळत येऊन भिंतीत उतरत होतं. कोरड्या दिवसात आलेला कंत्राटदार पूर्वेचा कोपरा फोडायला निघाला होता.

भिंतीला तडे असतील तर घाबरून बुजवू नका. तड्याच्या दोन्ही बाजूंना एकेक स्क्रू पक्का बसवा आणि दर महिन्याला दोन स्क्रूंमधलं अंतर कॅलिपरने मोजून तारखेसह लिहा. ऋतूप्रमाणे उघडणारा-मिटणारा तडा वेगळा आणि एकाच दिशेने वाढत जाणारा वेगळा. पहिल्यासोबत राहता येतं. दुसऱ्यासाठी स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा, आणि तोही जुन्या बांधकामाचा अनुभव असलेला. फक्त काँक्रीट केलेला इंजिनिअर चुन्याची भिंत बघून ‘पाडून टाका’ म्हणण्याची शक्यता बरीच.

वर्षभर जागा अगदीच रिकामी ठेवा असं नाही. तळमजल्याची एक सुरक्षित खोली इंजिनिअरकडून तपासून घ्या आणि तिथे महिन्यातून एकदा दुरुस्तीचा दिवस भरवा. बिघडलेला पंखा, उसवलेली पिशवी, अडकलेली सायकल घेऊन लोक येतात, जाणकार शेजारी बसून दुरुस्त करायला शिकवतात. पहिलं ‘रिपेअर कॅफे’ २००९ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला भरलं आणि ही कल्पना पुष्कळ देशांत पसरली, त्याचं एक कारण हेच, की तिला चार टेबलं पुरतात. या वर्षात कळतं की लोकांना नक्की काय हवं आहे. आमच्या नऊ नकाशांपैकी सहा इथेच गळून पडले.

३. इमारतीला झेपेल तोच वापर ठरवा

वास्तूजतनाची तत्त्वं सांगणाऱ्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेत जुन्या वास्तूच्या वापराविषयी साधी भूमिका आहे: समाजोपयोगी वापर स्वागतार्ह, पण त्यापायी वास्तूची रचना आणि सजावट बदलू नये. ऑस्ट्रेलियातल्या १९७९ च्या बुर्रा सनदेचा सूर असा की गरजेपुरता हात लावा, आणि तोही शक्य तितका कमी. परवानगीच्या अर्जात या दोन सनदांच्या भाषेत बोललात तर वारसा समिती तुमचं ऐकून घेते, हा अनुभव. पण खरा उपयोग वेगळाच आहे. भिंत पाडायची की टेबल हलवायचं, असा वाद सभेत निघतो तेव्हा हात घालायला काहीतरी असतं.

आमचा सगळ्यात मोठा घोळ इथे झाला. वरच्या मजल्यावर उजेड सुंदर, म्हणून अवजारांचं वाचनालय तिथे ठरलं. ड्रिल, पहारी, शिड्या, लोखंडी कपाटं. इंजिनिअरने दोन तुळयांमधलं अंतर मोजलं, तुळईची जाडी मोजली आणि आम्हालाच गुणाकार करायला लावला. टेबल-खुर्च्यांच्या ऑफिससाठी बांधकाम संहिता साधारणपणे दर चौरस मीटरला अडीचशे ते चारशे किलो भार धरतात. गर्दी जमणाऱ्या सभागृहाला चारशे-पाचशे. अवजारांनी भरलेल्या कपाटांची रांग त्याच्याही पुढे सहज जाते. वखारीत माल ठेवायचे हे खरं, पण जड माल खाली आणि हलका वर, असा त्यांचाही रिवाज असणार. अवजारं खाली आली, टेबलं वर गेली. सभागृहही खालीच.

सपाट छतावरच्या वाफ्यांचं तेच. ओली माती घनमीटरला दीड ते दोन टन भरते. म्हणजे फक्त दहा सेंटिमीटरचा थर दर चौरस मीटरला दीडशे-दोनशे किलो. एक हजार लिटरच्या टाकीत नुसतं पाणीच एक टन, एकाच ठिकाणी. वाफे अंगणात आले आणि तिथे ते आनंदात आहेत.

४. पहिला खर्च पाण्याच्या वाटेवर

रंग, दिवे, फर्निचर, फलक, कशालाही हात लावण्याआधी पाणी बाहेर काढा. वरून खाली या: कौलं, वळचण, पन्हळ, पन्हळीचे उभे पाइप, आणि ते पाइप जमिनीवर जिथे पाणी ओततात ती जागा. शेवटच्या जागेकडे सगळे दुर्लक्ष करतात. पाइप भिंतीच्या पायाशीच पाणी सोडत असेल तर वरची सगळी दुरुस्ती वाया.

आता तो लग्नाचा फोटो. आमच्या भिंतींना गुडघ्यापर्यंत ओल होती, पोपडे सुटत होते, वर मिठाचा पांढरा थर. दोन कंपन्यांची माणसं येऊन गेली. दोघांनी भिंतीला दोन सुया असलेलं यंत्र टेकवलं, यंत्र ओरडलं, आणि भिंतीला भोकं पाडून रसायन भरण्याचा प्रस्ताव आला. सापळा इथे आहे: ते यंत्र लाकडासाठी असतं. भिंतीत क्षार असले तर भिंत फारशी ओली नसतानाही ते जास्त आकडा दाखवतं. फोटोतल्या चार पायऱ्यांपैकी दोन गेल्या कुठे? कुठेच नाही, जमिनीखाली होत्या. वर्षानुवर्षं भराव पडत, फरशा चढत बाहेरची जमीन जोत्याच्या वर आली होती आणि भिंत मातीतून पाणी पीत होती. आम्ही बाहेरची जमीन पस्तीस सेंटिमीटर खाली उतरवली, भिंतीपासून दूर उतार दिला, खडीची चर काढली. भिंत सुकायला पंधरा महिने लागले. रसायन भरावं लागलं नाही.

खोदताना पाया उघडा पडेल इतकं खोल जाऊ नका, आणि सगळ्या बाजू एकदम उघडू नका. टप्प्याटप्प्याने, इंजिनिअरला विचारून.

५. चुना

या पायरीवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण जुन्या इमारतींचं सगळ्यात जास्त नुकसान चांगल्या हेतूने लावलेल्या सिमेंटने झालं आहे.

लीड्सच्या जोसेफ अ‍ॅस्पडिनने पोर्टलँड सिमेंटचं पेटंट घेतलं १८२४ मध्ये. ते सर्रास वापरात यायला त्यानंतरही बराच काळ गेला. त्याआधीच्या आणि नंतरच्याही बऱ्याच इमारती चुन्यात बांधलेल्या आहेत. चुन्याची भिंत पाणी अडवत नाही, ती थोडं आत घेते आणि ऊन-वारा लागला की सोडून देते. शिवाय चुना मऊ. इमारत किंचित हलली की ताण दरजेतला चुना सोसतो, दगड वाचतो. सिमेंट कडक आणि घट्ट. त्याच्या थराआड पाणी कोंडतं, क्षार दगडातच साचतात आणि दगडाचाच पापुद्रा सुटायला लागतो. दरज शाबूत आणि दगड खचलेला, असं दृश्य दिसलं की समजा तिथे कुणीतरी सिमेंटने दरजा भरल्या आहेत.

आमच्या उत्तरेच्या भिंतीला कधीतरी सिमेंटचा गिलावा मारला होता. बोटाच्या पेराने ठोकत गेलं की काही ठिकाणी ‘टण्’ आणि काही ठिकाणी ‘बद्द’ असा आवाज यायचा. जिथे बद्द, तिथे गिलावा भिंतीपासून सुटलेला. म्हातारे गवंडी आले, त्यांनी छिन्नी लावून एक तुकडा अलगद उचलला. ताटाएवढा तुकडा हातात आला आणि त्याच्या मागून ओली, काळपट भुकटी पायावर सांडली. ती भुकटी म्हणजे आमचा दगड होता. त्यांनी चिमूटभर जिभेला लावली आणि म्हणाले, “खारट. आणखी दोन वर्षं ठेवला असता तर गिलावाच भिंत झाला असता.”

पण लगेच सगळं खरवडायला धावू नका. सिमेंट दगडाला घट्ट धरून असेल तर ओढताना दगडाची कातडी सोलून निघते. सुटलेलं तेवढं काढा, चिकटलेलं आणि त्रास न देणारं राहू द्या. जुन्या चुन्याच्या गिलाव्याला तर हातच लावू नका. ‘दगड छान दिसतो, उघडा ठेवू’ हा मोह प्रत्येक गटात कुणाला तरी होतोच. विल्यम मॉरिस आणि त्यांच्या मित्रांनी १८७७ मध्ये लंडनला जुन्या वास्तू वाचवण्यासाठी संस्था काढली तिचं टोपणनाव ‘अँटी-स्क्रेप’, म्हणजे खरवडविरोधी, पडलं होतं. तेव्हाही हाच मोह होता. गिलावा हा भिंतीचा रेनकोट आहे.

चुन्याचं काम करताना एवढं समजून घ्या. चुनखडी साधारण ९०० अंश सेल्सिअसला भाजली की कळीचा चुना होतो. त्यात पाणी घालून तो विरवतात. तेव्हा तो उकळतो, डोळ्यात उडाला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून चष्मा आणि हातमोजे हवेतच आणि लहान मुलं लांब. विरवलेला चुना झाकून जितका मुरवाल तितका लोण्यासारखा होतो. भिंतीवर गेल्यावर तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू पुन्हा चुनखडी बनतो. ‘हळूहळू’ हा शब्द कंत्राटात लिहा. एका वेळी सेंटिमीटरभर जाडीचा थर, मग थांबायचं, मग दुसरा. ताजं काम ओल्या गोणपाटाखाली ठेवायचं, कडक उन्हात भराभर वाळलं की ते भुसभुशीत होतं. थंड प्रदेशात गोठणाऱ्या रात्रीही तितक्याच वाईट.

जुन्या चुन्याचा एक तुकडा प्रयोगशाळेत पाठवून चुन्याचं आणि वाळूचं प्रमाण काढून घ्या. ओल्या जागी घट्ट होणारा हायड्रॉलिक चुना लागेल की साधा चालेल, तेही तिथे कळतं. बाजारात ‘चुनामिश्रित’ म्हणून विकल्या जाणाऱ्या तयार पोत्यात सिमेंट असू शकतं. पोतं उलटं करून बारीक अक्षरं वाचा. वर रंग द्यायचा तो चुन्याचाच. प्लास्टिकसारखा थर धरणारा अ‍ॅक्रिलिक रंग दिलात तर वरची सगळी मेहनत पिशवीत बांधून ठेवल्यासारखी होईल.

आणि कृपा करून दगड धुवायला जोराच्या फवाऱ्याचं यंत्र आणू नका. आम्ही एका रविवारी आणलं. दोन तासांत कोपऱ्यावरची नक्षी बोथट झाली. ती आता तशीच राहणार.

६. लाकूड: टोक तपासा

तुळई मधे ठणठणीत आणि टोकाला कुजलेली, हे नेहमीचं. टोक भिंतीत असतं, भिंतीत ओल असते. जिथे तुळई भिंतीत शिरते तिथे स्क्रू-ड्रायव्हर दाबून बघा. टणक असेल तर टोक रुतणार नाही. मूठ टेकेपर्यंत आत गेला तर खाली टेकू लावा आणि माणसं लांब करा. लाकडातला ओलावा वीस टक्क्यांच्या खाली राहिला तर बुरशी सहसा धरत नाही. म्हणून औषध फवारण्याआधी पुन्हा चौथी पायरी.

अख्खी तुळई बदलायची गरज फार कमी वेळा पडते. कुजलेलं टोक कापून त्याच जातीचं नवं लाकूड खाचेने जोडता येतं, किंवा पोलादी पट्ट्यांची जोड देता येते. नवा तुकडा जुना दिसावा म्हणून रंगवू नका. बदललेला भाग एकंदरीत शोभावा, पण बघणाऱ्याला ओळखूही यावा, असं व्हेनिस सनदच म्हणते. आमच्या सुताराने प्रत्येक नव्या जोडावर वर्ष कोरलं आहे.

माळ्याची भोकं बुजवण्याआधी आत कोण राहतं ते बघा. वटवाघळं आणि पाकोळ्या पुष्कळ देशांत कायद्याने संरक्षित आहेत. विणीच्या हंगामात त्यांचा रस्ता बंद करणारं पर्यावरण केंद्र म्हणजे थट्टाच.

७. जुन्या रंगाला कोरडा पॉलिश पेपर लावू नका

जुन्या तेलरंगात शिसं असण्याची शक्यता धरूनच चाला. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर बंदी आली तीसुद्धा १९७८ मध्ये. घासून उडालेली धूळ मुलांच्या मेंदूला अपाय करते. आधी नमुना तपासून घ्या. शिसं निघालं तर ओलं करून काढा, किंवा घट्ट असेल तर वरून झाकून टाका. पन्हळी पत्रे, पाइपांवरचं वेष्टण, जुन्या लादीखालचा डिंक यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ते काढणं परवानाधारकाचंच काम आहे. श्रमदानाच्या दिवशी या दोन गोष्टींना कुणी हात लावणार नाही असं फलकावर मोठ्या अक्षरांत लिहा.

८. वीज आणि आग

जुनी वायरिंग पूर्ण काढा, थोडीही ‘चालू आहे तोवर’ म्हणून ठेवू नका. नव्या तारांसाठी भिंतीत खाचा पाडायच्या नाहीत. धातूच्या नळ्यांतून उघड्यावर न्या, आणि क्लॅम्प दगडात नव्हे, दरजेत ठोका. उद्या काढायचं झालं तर चुन्याने बुजवता येतं. विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारं ३० मिलिअँपिअरचं उपकरण प्रत्येक सर्किटला हवं. दुरुस्तीच्या बाकांवर उघडी यंत्रं असतात, तिथे तर अधिकच.

लाकडी इमारत म्हटली की अग्निशमन अधिकाऱ्याचा चेहरा पडतो. त्यांच्याशी बोलताना हे माहीत असू द्या: जाड तुळई आगीत मिनिटाला साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर या वेगाने जळत आत जाते आणि वरचा कोळसाच आतल्या लाकडाला काही काळ सांभाळतो. उघडं पोलाद मात्र सुमारे ६०० अंशांना निम्मी ताकद गमावतं. म्हणून ‘लाकूड काढून लोखंड घाला’ हा सल्ला दर वेळी बरोबर नसतो. पातळ फळ्यांचं मात्र तसं नाही, त्यांना खालून आगरोधक बोर्ड किंवा लेप लागतो. बाहेर पडायचे दोन वेगवेगळे रस्ते लागतातच, त्यात तडजोड नाही. ई-सायकलच्या बॅटऱ्या जिन्याखाली किंवा बाहेर पडायच्या वाटेवर कधीही चार्ज करू देऊ नका. आम्ही अंगणात वेगळी दगडी खोली दिली आहे.

९. दार सगळ्यांसाठी उघडतं का?

चाकाच्या खुर्चीसाठी उतार एकास बारा धरला, तर ४५ सेंटिमीटर उंच जोत्याला ५.४ मीटर लांब रॅम्प लागतो, वर वळायला जागा वेगळी. मुख्य दाराशी तो मावत नसेल तर बाजूचं दार मुख्य करा आणि सगळ्यांनाच तिथून आत घ्या. मागच्या बोळातून वेगळी वाट काढून देणं मला पटत नाही. रॅम्प भिंतीला न जोडता नुसता टेकवून ठेवता येतो, वारसा समितीला तो चालतो. वर लिफ्ट नसेल तर वर जे जे मिळतं ते खालीही मिळालं पाहिजे, असा नियम आम्ही लिहून ठेवला आहे.

१०. आता सौर पॅनल

लोक इथून सुरू करतात. मी मुद्दाम दहाव्या क्रमांकावर ठेवलंय.

आधी विजेची गरज कमी करा. जाड दगडी भिंत दिवसाची उष्णता तासन्‌तास आत पोचू देत नाही. रात्री खिडक्या उघडून भिंती गार केल्या तर दुपारपर्यंत पंख्यावर भागतं. त्यासाठी वरच्या झडपा, माळ्याची जाळी, जुने झरोके मोकळे करा. कुणीतरी ते नेहमी फळ्या ठोकून बंद केलेले असतात. थंड हवेच्या जागी जुन्या खिडक्या फेकून नव्या बसवू नका. जुनं तावदान ठेवून आतून दुसरी काच बसवली की फटींतला वारा थांबतो आणि खिडकीही वाचते. भिंतीला आतून उष्णतारोधक थर देणार असाल तर तो वाफ सोडणारा असू द्या. फोमचा दिलात तर पाचव्या पायरीतला सिमेंटचा प्रकार पुन्हा, वेगळ्या कपड्यात.

पॅनल चौकटीसकट चौरस मीटरला साधारण पंधरा किलो, वर वाऱ्याचा उचल-दाब. आमच्या वाशांनी नकार दिला, म्हणून ते अंगणातल्या सायकलशेडवर गेले. रस्त्यावरून दिसत नाहीत, त्यामुळे परवानगीही लवकर मिळाली.

पावसाच्या पाण्याचा हिशोब तोंडी करता येतो: एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. शंभर चौरस मीटरवर पन्नास मिलिमीटर पडला तर पाच हजार लिटर; गळती-उडती वजा जाता चार हजार धरा. पहिल्या सरीचं घाण पाणी वेगळं काढायची सोय करा आणि टाकीचं जादा पाणी पायाकडे वळणार नाही हे बघा.

जुनी दारं, फरश्या, खिळेसुद्धा टाकू नका. साठवायला कोरडी खोली आणि प्रत्येक वस्तूवर कुठून काढली त्याची चिठ्ठी एवढं पुरतं. सिमेंट उद्योगातून जगातल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सात-आठ टक्के बाहेर पडतो. जे पाडलं नाही आणि नव्याने ओतलं नाही, ती तुमची पहिली बचत, पॅनल बसायच्या कितीतरी आधीची.

११. पैसे, माणसं, आणि नंतरची वही

अंदाजपत्रकात पंधरा-वीस टक्के रक्कम ‘भिंत उघडल्यावर काय निघेल’ यासाठी बाजूला ठेवा. आमची सातव्या महिन्यात संपली. काम खोलीवार नव्हे, थरावार वाटा: आधी छप्पर आणि पाणी, मग भिंती आणि लाकूड, मग वीज. पैसे मधेच आटले तरी इमारत सुरक्षित राहते. खोलीवार केलं की एक चकचकीत खोली आणि वर गळकं छप्पर, असं होतं.

निविदेत सगळ्यात स्वस्त माणूस घेण्याचं बंधन असेल तर आधी नमुन्याचं काम मागा: एक चौरस मीटर भिंत, चुन्यात, तुमच्यासमोर. आमच्याकडे आलेल्या पाच जणांपैकी तिघांनी गाडीतून सिमेंटचं पोतं काढलं. चौथ्याने चुना आणला पण विरवलेला नव्हता. पाचवे ते म्हातारे गवंडी. अशा गवंड्याच्या हाताखाली दोन तरुण पगारावर ठेवा. ही विद्या जाणणारी माणसं थोडी उरली आहेत आणि पुढची दुरुस्ती तुमच्याच लोकांना करायची आहे.

श्रमदानाला लोक उत्साहाने येतात. त्यांना राडारोडा हलवणं, चुना चाळणं, लाकूड घासून तेल लावणं, नोंदी ठेवणं, अंगण करणं अशी कामं द्या. परांचीवर फक्त प्रशिक्षित माणसं.

उद्घाटन झालं की एक जाड वही घ्या. कुठे कुठला चुना, कुठल्या प्रमाणात, कुठली तार कुठून जाते, मुख्य झडप कुठे, कुठल्या तुळईचं टोक कधी जोडलं, सगळं फोटोसह. तिच्या शेवटच्या पानांवर वर्षाचं वेळापत्रक: पावसाआधी पन्हळ साफ, पाऊस संपल्यावर पुन्हा साफ, फुटकी कौलं बदलणं, भिंतीत उगवलेली रोपटी मूळ धरायच्या आत उपटणं, तड्यांची मापं. आमच्याकडे पन्हळीची पाळी चिठ्ठ्या टाकून ठरते. यंदा माझं नाव निघालं, आणि शिडी अवजारांच्या वाचनालयातून कुणीतरी आधीच उसनी नेली होती.